सुटलेला बाण परत आणताना

धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून निघालेला शब्द परत घेता येत नाही, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे नेहमी सांगतात. बोलण्यापूर्वी विचार करावा, हा त्या सांगण्यातील उपदेश होय. शब्दाच्या बाबतीत तो आजही खरा आहे. बाणाच्या बाबतीत मात्र गेल्या सुमारे सत्तर वर्षांत एक वेगळी गोष्ट घडली आहे. मराठीत 'बाण' हा शब्द धनुष्याच्या बाणापुरता मर्यादित नाही. जुन्या लढायांत दारू भरून शत्रूवर सोडल्या जाणाऱ्या अग्निबाणांनाही बाणच म्हणत आणि ते सोडणाऱ्या सैनिकाला बाणदार म्हणत. दिवाळीत बाटलीत उभा करून उडवला जाणारा फटाका आजही घरोघरी बाण याच नावाने ओळखला जातो. या सर्व बाणांचे एक लक्षण समान आहे. ते एकदा सुटले, की सोडणाऱ्याचा त्यांच्याशी संबंध संपतो.

नमुना अग्निबाण, म्हणजेच ज्याला सर्वत्र मॉडेल रॉकेट म्हणतात, तो या नियमाला अपवाद आहे. तो हाताने बनवला जातो, आकाशात सोडला जातो, सुखरूप खाली उतरवला जातो आणि पुन्हा उडवला जातो. बनवणे, उडवणे आणि परत मिळवणे अशा तीन पायऱ्यांचा हा छंद आहे. पाहणाऱ्यांचे डोळे दुसऱ्या पायरीवर खिळतात. या छंदाचे खरे मोल मात्र तिसऱ्या पायरीत आहे.

हा विचार जबलपूरच्या संदर्भात करणे विशेष उचित ठरेल. नर्मदेच्या काठचे हे शहर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांसाठी आणि धुवांधार धबधब्यासाठी प्रवाशांना ठाऊक आहे. पण तेथील हजारो कुटुंबांची चूल शंभरहून अधिक वर्षे पेटत आली आहे ती शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यांमुळे. १९०४ साली तेथे गन कॅरेज फॅक्टरी स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. पुढे १९६९ मध्ये लष्करी वाहने बनवणारा कारखाना आला. २०२१ साली हे सर्व कारखाने नव्या सरकारी कंपन्यांच्या अखत्यारीत गेले, परंतु काम तेच राहिले. १५५ मिलिमीटर व्यासाची 'धनुष' ही तोफ याच शहरात तयार झाली आणि २०१९ मध्ये सैन्याच्या स्वाधीन झाली. खमरियाजवळच्या लाँग प्रूफ रेंजवर दारूगोळ्याची चाचणी घेतली जाते. उडणाऱ्या वस्तूचा वेग, वजन आणि पल्ला यांचे गणित या शहराला नवे नाही.

तरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तोफेचा गोळा परत यावा म्हणून बनवला जात नाही. त्याचा प्रवास एकाच दिशेचा असतो आणि तो तसाच असावा लागतो. देशाच्या संरक्षणाला त्याची गरज आहे, याबद्दल वाद नाही. पण ज्या हातांना लोखंड तासता येते, जोड बसवता येतो आणि एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक ओळखता येते, त्या हातांच्या पुढच्या पिढीला उड्डाणाचे दुसरे अंगही कळावे, अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे नाही. जे वर पाठवले ते काळजीपूर्वक खाली आणण्याची विद्याही तितकीच महत्त्वाची आहे.

या छंदाचा उगम कोठल्या विद्यापीठात झाला नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचे एक लहान शहर आहे. तेथे ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा एक गृहस्थ जोड्यांचे दुकान चालवीत असे. शोभेच्या दारूकामाची त्याला हौस होती. त्याचा भाऊ रॉबर्ट याला विमानांच्या प्रतिकृतींचा नाद होता आणि अग्निबाण कसा उडतो हे लोकांना समजावून देण्यासाठी त्याला एक नमुना हवा होता. १९५४ च्या सुमारास या दोघांनी कागदी नळीचा एक हलका अग्निबाण तयार केला. त्यात दारूचे छोटे नळकांडे बदलता येत असे आणि उड्डाणाच्या शेवटी त्यातून पॅराशूट बाहेर पडत असे. आजच्या मॉडेल रॉकेटची सर्व मुख्य अंगे त्या पहिल्या नमुन्यात होती.

त्यानंतर तीनच वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेतील मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. पाइपाच्या तुकड्यांत घरी कालवलेली रसायने ठासून मुले ते पेटवू लागली. अनेकांनी त्यात बोटे गमावली, काहींनी डोळे, तर काहींनी प्राण. जी. हॅरी स्टाइन नावाचे एक अभियंते त्या काळी व्हाइट सँड्स येथील लष्करी चाचणीक्षेत्रात सुरक्षेचे काम पाहत असत. या धोक्याविषयी त्यांनी लिहिलेला लेख वाचून कार्लाइलने आपला नमुना त्यांच्याकडे पाठवला. मुलांच्या हौसेला सुरक्षित वाट देणारी वस्तू हीच, हे स्टाइन यांनी ओळखले. १९५७ मध्येच या छंदाची राष्ट्रीय संघटना तेथे स्थापन झाली आणि पुढे सुरक्षेचे नियमही ठरले. जोड्यांच्या दुकानदाराची हस्तकला आणि अभियंत्याची शिस्त एकत्र आली, तेव्हा हा छंद आकाराला आला, असे म्हणता येईल.

त्या नियमांचा गाभा थोडक्यात असा. अग्निबाणाचे अंग कागद, हलके लाकूड किंवा प्लास्टिक यांचे असावे, धातूचे नसावे. दारू स्वतः कालवू नये, कारखान्यात तयार झालेले प्रमाणित नळकांडेच वापरावे. वात पेटवून पळत सुटू नये, तर दूर उभे राहून विजेच्या बटणाने ज्वलन सुरू करावे आणि त्याआधी मोठ्याने उलटी गणती करावी. बटण दाबूनही बाण सुटला नाही, तर किमान एक मिनिट त्याच्याजवळ जाऊ नये. वारा जोराचा असेल तर उड्डाण करू नये. आणि जो बाण सुखरूप खाली उतरवण्याची सोय नाही, तो मुळात सोडूच नये.

अशा अग्निबाणाची रचना समजण्यास अवघड नाही. जाड कागद एखाद्या गुळगुळीत नळीवर खळ लावून गुंडाळला, की त्याचे धड तयार होते. पुढे हलक्या लाकडाची निमुळती टोपी बसते. मागे पुठ्ठ्याचे किंवा लाकडी पातळ फळीचे तीन अथवा चार पंख चिकटवले जातात. दिवाळीच्या बाणाला जी लांब काडी असते, तिचे काम येथे पंख करतात. ते बाणाला डगमगू देत नाहीत. मात्र त्यासाठी एक अट पाळावी लागते. बाण ज्या बिंदूवर तोलला जातो तो गुरुत्वमध्य, वाऱ्याचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो त्याच्या पुढे असला पाहिजे. हे तपासण्याची युक्ती सोपी आहे. तोलाच्या बिंदूशी दोरा बांधून बाण डोक्याभोवती गरगर फिरवावा. तोंड पुढे ठेवून तो फिरला, तर आकाशातही सरळ जाईल. उलटासुलटा झाला, तर टोपीत थोडे वजन घालावे किंवा पंख मोठे करावेत.

नळकांड्याची रचनाही मोठी कल्पक असते. कागदी कवचाच्या तळाशी मातीची अरुंद तोटी असते. तिच्यावर दाबून बसवलेली दारू जळते आणि निघणारा वायू तोटीतून जोराने खाली जातो. वायू खाली, म्हणून बाण वर. न्यूटनचा गतिविषयक तिसरा नियम येथे डोळ्यांना दिसतो. ही दारू एक-दोन सेकंदांत संपते, पण बाण मिळालेल्या वेगाने वर जातच राहतो. त्या वेळात दारूच्या मागचा एक सावकाश जळणारा थर धूर सोडत जळत असतो. बाण शिखरावर पोहोचला, की तो थर संपतो आणि अगदी थोडी दारू पुढच्या बाजूस पेट घेते. त्या धक्क्याने टोपी निघते आणि आत घडी करून ठेवलेले पॅराशूट बाहेर पडते. नळकांड्यांचे वर्ग अक्षरांनी दाखवतात. 'ए' वर्गापेक्षा 'बी' वर्गाच्या नळकांड्याची कमाल शक्ती दुप्पट आणि 'बी'पेक्षा 'सी'ची दुप्पट, असा तो क्रम आहे. अक्षरापुढे दोन अंक असतात. पहिला सरासरी रेटा सांगतो, तर दुसरा पॅराशूट किती सेकंदांनी उघडणार ते सांगतो. म्हणजे कोठे आणि केव्हा परतायचे, हे निघण्याआधीच ठरवावे लागते.

परतीचा हिशेब थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. १०० मीटर उंचीवरून एखादी वस्तू पडली आणि हवेने तिला अडवले नाही, तर जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होतो. इतक्या वेगाने आलेला हलका बाणही कोणाच्या डोक्याला इजा करू शकतो, आणि बाण स्वतः तर निकामी होतोच. पॅराशूटमुळे हा वेग सेकंदाला पाच मीटरपर्यंत उतरला, तर बाण गवतावर अलगद टेकतो. पण मग त्याला खाली यायला २० सेकंद लागतात. त्या वेळी वारा सेकंदाला पाच मीटर वेगाने वाहत असेल, तर बाण १०० मीटर दूर वाहून जातो. पॅराशूट आणखी मोठे केले, तर बाण आणखी हळू उतरेल आणि आणखी दूर जाईल. लहान केले, तर जवळ पडेल पण आपटेल. मऊ उतरणे आणि जवळ उतरणे ही दोन्ही सुखे एकाच वेळी पुरेपूर मिळत नाहीत. त्यांचा मेळ घालणे यालाच तर शहाणपण म्हणतात.

येथेच या छंदाचे शिक्षणमूल्य दडलेले आहे. हरवलेला बाण काहीच शिकवत नाही. परत मिळालेला बाण मात्र सर्व काही सांगतो. पंखाचा सांधा निखळला असेल, तर खळ कमी पडली. पॅराशूट वितळले असेल, तर दारूच्या झळेपासून त्याला वाचवणारा कागदाचा बोळा नीट भरला नव्हता. दोरे गुंतले असतील, तर घडी घाईने घातली गेली. बाण हा आपल्या कर्त्याची उत्तरपत्रिका घेऊन परततो. तिच्यातील चुका कोणा परीक्षकाने दाखवाव्या लागत नाहीत. चूक दिसली, दुरुस्त केली आणि तोच बाण पुन्हा उडवला, हा क्रम ज्याच्या अंगवळणी पडला, त्याला अपयशाची भीती उरत नाही. शाळा मध्येच सुटलेल्या आणि वयाच्या पुढच्या टप्प्यावर पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या विद्यार्थ्याला याहून मोठा धडा कोणता मिळू शकेल?

परतीच्या वाटेवर आणखी एक शिकवण भेटते. बाण कोठे उतरेल याची खात्री नसते. जबलपूरच्या आसपासची शेते हिवाळ्यात वाटाण्याने हिरवीगार असतात. तेथील वाटाण्याला दूरदूरच्या बाजारांतून मागणी असते. बाण अशा शेतात पडला, तर वेलांतून धावत जाऊन तो उचलता येत नाही. आधी शेतकऱ्याला विचारावे लागते आणि बांधावरून जपून जावे लागते. एप्रिलमध्ये गहू कापून झाल्यावर शेते मोकळी होतात, पण तेव्हा उभ्या धसकटाला, ज्याला तिकडे नरवाई म्हणतात, एका ठिणगीनेही आग लागू शकते. त्या दिवसांत तेथे दारूचा बाण सोडणे अविचाराचे होय. बाण उंच झाडात अडकला किंवा विजेच्या तारांवर लटकला, तर तो सोडून द्यावा, असे या छंदाचा नियम स्पष्ट सांगतो. आठवडाभर खपून केलेली वस्तू डोळ्यांसमोर लटकत असताना पाठ फिरवणे सोपे नसते. पण वस्तूपेक्षा जीव मोठा, हे केवळ पाठ करून कळत नाही. ते अशाच एखाद्या प्रसंगी कळते.

या छंदावर घेतला जाणारा पहिला आक्षेप धोक्याचा आहे आणि तो मुळीच हलका नाही. जबलपूरच्या लोकांना दारूची ओळख करून देण्याची गरज नाही. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी खमरियाच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले आणि इतर अनेक जखमी झाले. प्रशिक्षित माणसे, ठरलेले नियम आणि पहारा असूनही जेथे असे घडू शकते, तेथे घराच्या गच्चीवर फटाके फोडून त्यांतील दारू गोळा करणाऱ्या मुलाची गत काय होईल, हे सांगायला नको. शिवाय परवान्याशिवाय स्फोटके तयार करणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. १८८४ सालचा स्फोटकांचा कायदा आजही लागू आहे आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. म्हणून या बाबतीत कोणतीही सवलत मागणे योग्य नाही. घरी दारू कालवणे हा छंद नव्हे. तो जीवाशी खेळ आहे आणि तेथे कौतुकाला जागा नाही.

परंतु धोका आहे म्हणून दार कायमचे बंद करावे, हे मतही पटण्यासारखे नाही. अमेरिकेत १९५७ साली हाच प्रश्न उभा राहिला होता. मुलांना नुसते दटावले असते, तर ती चोरून तेच करत राहिली असती. त्यांच्या हाती सुरक्षित साधन आणि नियम दिले, तेव्हा हौस टिकली आणि अपघात टळू लागले. आपल्याकडेही आता या दिशेने पावले पडत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेटची राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि अंतराळ क्षेत्रातील सरकारी संस्थांनी तिला पाठबळ दिले. जाणकारांची देखरेख, ठरवून दिलेले मैदान आणि शासनाची संमती या तीन गोष्टी असतील, तर हा छंद आपल्या मातीतही रुजू शकतो, हे त्यावरून दिसते.

जबलपूरमध्ये डुमना विमानतळ आहे, छावणी आहे आणि दारूगोळ्याचे कारखाने आहेत. त्यामुळे तेथे मनाला येईल त्या मैदानावर दारूचा बाण सोडणे शक्य नाही आणि इष्टही नाही. मग तेथील विद्यार्थ्याने काय करावे? त्याच्यासाठी एक उत्तम पर्याय हाताशी आहे. तो म्हणजे पाण्याचा अग्निबाण. यात आग नाही, दारू नाही आणि खर्चही जवळजवळ नाही. शीतपेयाची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी. तिला पुठ्ठ्याचे पंख आणि कागदाची टोपी लावावी. बाटलीत सुमारे एक तृतीयांश पाणी भरावे. बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून पंपाने ४० ते ५० पौंड हवा भरावी. लांब दोरीने अडसर ओढला, की दाबलेली हवा पाण्याला खाली ढकलते आणि बाटली झपाट्याने वर जाते.

पाणी जास्त भरले तर हवेला जागा उरत नाही आणि कमी भरले तर ढकलायला वजन उरत नाही. योग्य प्रमाण कोणते, हे प्रत्येकाने स्वतः प्रयोग करून ठरवावे. येथेही काही पथ्ये आहेतच. काचेची किंवा धातूची बाटली कधीही वापरू नये. चरा पडलेली प्लास्टिकची बाटली टाकून द्यावी. हवा भरताना डोळ्यांना चष्मा असावा, कोणीही बाटलीवर वाकू नये आणि पाहणाऱ्यांनी अंतर राखावे. वर गेलेल्या बाटलीलाही पॅराशूटने खाली आणण्याची युक्ती शोधणे हे येथील खरे आव्हान आहे. शिखरावर टोपी आपोआप सुटून पॅराशूट उघडेल अशी रचना करताना भल्याभल्यांची कसोटी लागते.

बाण किती उंच गेला, हे मोजण्यासाठीही महागडे यंत्र लागत नाही. कंपासपेटीतील कोनमापकाला गवंड्याच्या ओळंब्यासारखे वजन दोऱ्याने लटकवले, की कोन मोजण्याचे साधन तयार होते. सोडण्याच्या जागेपासून ५० मीटर दूर उभे राहून त्यातून शिखरावरचा बाण पाहावा. कोन ४५ अंश भरला, तर बाण पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून ५० मीटर उंच गेला, असे समजावे. पुस्तकात कंटाळवाणी वाटणारी त्रिकोणमिती अशी मैदानावर उतरली, की तिचे भय राहत नाही.

दुसरा आक्षेप असा, की हा मुलांचा खेळ आहे, पोटापाण्याच्या मागे लागलेल्या प्रौढाला त्याचा काय उपयोग? या आक्षेपाचे उत्तर अग्निबाणाच्या इतिहासातच आहे. रशियातील कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की यांना लहानपणी तापाच्या आजाराने जवळजवळ बहिरेपण आले आणि त्यांची शाळा सुटली. पुढे मॉस्कोच्या ग्रंथालयात बसून ते स्वतःच्या बळावर शिकले, छोट्या गावांत शिक्षक झाले आणि १९०३ साली अग्निबाणाने अंतराळात कसे जाता येईल याचे गणित त्यांनी प्रसिद्ध केले. शाळेचे दार बंद झाले म्हणून ज्ञानाचे दार बंद होत नाही, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. अमेरिकेतील रॉबर्ट गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रवरूप इंधनाचा पहिला अग्निबाण सोडला, तेव्हा तो अडीच सेकंद उडाला आणि कोबीच्या शेतात जाऊन पडला. आज ज्याला महान म्हटले जाते, ते आरंभी असेच खेळण्यासारखे दिसत असते.

शिवाय या छंदाला लागणारी कौशल्ये प्रौढ विद्यार्थ्यांच्या हातांत आधीपासूनच असतात. पॅराशूटची शिवण शिंप्याला चांगली कळते. पंखाची धार सुताराला साधते. विजेचे बटण आणि तारा यांची जोडणी वायरमन सहज करतो. पंक्चरच्या दुकानात काम करणाऱ्याला किती पौंड हवा पुरे, हे आवाजावरून समजते. ज्यांना आपण शिकलेलो नाही असे वाटत राहते, त्यांच्याजवळ विज्ञानाचा अर्धा भाग असतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे त्या कामामागचे कारण. ते पुस्तकातून मिळते. हात आणि पुस्तक यांची भेट घडवणारा हा छंद आहे. म्हणूनच तो लहानांपेक्षाही मोठ्यांना अधिक शोभतो.

आपल्या देशाच्या अंतराळ कार्यक्रमाची वाटचालही अशाच साध्या आरंभातून झाली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावातून पहिला अग्निबाण सुटला, तो अमेरिकेकडून मिळालेला होता. चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, अवघ्या ७५ मिलिमीटर व्यासाचा 'रोहिणी' हा भारतीय बनावटीचा अग्निबाण उडाला. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर इंग्लंडमधील काम सोडून मायदेशी आले आणि त्यांनी थुंब्यात घन इंधनाच्या संशोधनाचा पाया भक्कम केला. त्या काळी सारे लक्ष वर जाण्याकडे होते. पण पुढे परतीचाही प्रश्न आलाच. जानेवारी २००७ मध्ये इस्रोने अवकाशात पाठवलेली एक कुपी १२ दिवसांनी बंगालच्या उपसागरात उतरवून परत मिळवली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयान मोहिमेच्या चाचणीत अंतराळवीरांसाठी बनवलेली कुपी पॅराशूटच्या आधाराने समुद्रात उतरली आणि नौदलाने ती बाहेर काढली. माणसाला वर पाठवायचे तर आधी त्याला परत आणता आले पाहिजे. कागदी नळीच्या बाणाने पाळलेला नियम आणि गगनयानाने पाळायचा नियम एकच आहे.

या दृष्टीने जबलपूरसारख्या शहरात काही गोष्टी सहज करता येतील. कारखान्यांतून निवृत्त झालेले कुशल कामगार तेथे मोठ्या संख्येने आहेत. सुरक्षेची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली आहे. अभ्यासकेंद्रांनी त्यांना बोलावून सुटीच्या दिवशी पाण्याच्या अग्निबाणाचे वर्ग चालवावेत. मराठी, हिंदी, गोंडी बोलणारे विद्यार्थी एका मैदानावर एकत्र यावेत आणि प्रत्येकाने आपल्या भाषेत उड्डाणाची नोंद लिहावी. किती पाणी, किती हवा, किती उंची, कोठे उतरला, काय मोडले, हे लिहिताना भाषेचाही अभ्यास होतो, कारण नेमके पाहिल्याशिवाय नेमके लिहिता येत नाही. पाण्याच्या बाणात जे तयार होतील, त्यांच्यासाठी पुढे प्रशासनाच्या परवानगीने आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दारूच्या प्रमाणित बाणाचा विचार करावा. बक्षीस द्यायचे झाले, तर ते सर्वांत उंच गेलेल्या बाणाला देऊ नये. जो बाण सर्वाधिक वेळा उडून न मोडता परत आला, त्याला द्यावे.

उंच जाण्याचे आकर्षण माणसाला नेहमीच वाटत आले आहे आणि त्यात काही गैर नाही. पण आपण जे सोडले ते कोठे पडले, कोणाच्या छपरावर, कोणाच्या शेतात, हे जाऊन पाहण्याची सवय समाजात कमी आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जळालेल्या बाणांच्या काड्या गल्लीगल्लीत पडलेल्या असतात आणि त्या उचलायला ते सोडणारा कधी येत नाही. मॉडेल रॉकेट बनवणारा मात्र आपला बाण शोधत उन्हातान्हात चालत जातो, तो उचलतो, झटकतो, तपासतो आणि त्याची जबाबदारी पत्करतो. ही सवय ज्या हातांना लागली, ते हात कारखान्यात असोत, शेतात असोत किंवा कार्यालयात असोत, आपले काम अर्ध्यावर टाकून जाणार नाहीत.